झूमचा आकडा की प्रकाशाची खिडकी?

सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ सागाचे रान आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तीन अमेरिकन पक्षिनिरीक्षक एका घुबडाचा शोध घेत फिरत होते. ते घुबड म्हणजे रानपिंगळा. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात १८८४ मध्ये तो शेवटचा टिपला होता. त्यानंतर ११३ वर्षे तो कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. पक्षी बहुधा नामशेष झाला, असेच पुष्कळांना वाटत होते. आणि एके सकाळी तो एका झाडावर बसलेला दिसला!

आता प्रश्न असा, की "आम्हांला रानपिंगळा दिसला" एवढे सांगून जगाने विश्वास ठेवला असता का? डेव्हिडसनच्या काळी पुरावा म्हणून पक्ष्याला गोळी घालीत आणि पेंढा भरून ठेवीत. १९९७ मध्ये तसे करावे लागले नाही. छायाचित्रे घेतली, चलचित्रण केले, आणि पक्षी जिवंत राहिला. कॅमेऱ्याने केवढे काम केले पाहा!

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. आपल्या गावात, शेताच्या बांधावर नेहमी दिसतो तो साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यात फरक थोडा. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतातच. म्हणजे छायाचित्रात पक्ष्याच्या माथ्यावरचे काही मिलिमीटरांचे ठिपके दिसले पाहिजेत. नाहीतर पुरावा फुकट!

समजा, तुमच्या शाळेच्या निसर्गमंडळाने वर्गणी जमवली आहे आणि तिच्यातून एकच कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानदार दोन प्रकार पुढे ठेवतो. एक डीएसएलआर आणि दुसरा लांब झूमचा ब्रिज कॅमेरा. पहिल्याबद्दल तो म्हणतो, "मोठा सेन्सर!" दुसऱ्याबद्दल म्हणतो, "१२५ पट झूम!" यांतले कोणते खरे मानायचे? चला, आपण भूमिती आणि थोडे गणित यांच्या साहाय्याने निर्णय करू.

दोन यंत्रांची रचना

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत कललेला एक आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावरून वर जातो, तेथील लोलकात किंवा आरशांत वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. आपण प्रत्यक्ष भिंगातूनच पाहत असतो. बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जातो, झडप उघडते आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. सेन्सर म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी चकती. पूर्वीच्या फिल्मची जागा आता तिने घेतली आहे. या कॅमेऱ्याचे भिंग काढून दुसरे बसवता येते.

ब्रिज कॅमेऱ्यात आरसा नसतो. प्रकाश सतत सेन्सरवर पडत असतो आणि त्याचे चित्र एका छोट्या पडद्यावर दिसते. भिंग कायमचे जोडलेले असते. खिशातला साधा कॅमेरा आणि एसएलआर यांच्यामधला पूल, म्हणून याला 'ब्रिज' म्हणू लागले. हे नाव १९८० नंतरच्या दशकातल्या फिल्म कॅमेऱ्यांपासून चालत आले आहे.

आपल्या गणितासाठी दोन खरे कॅमेरे घेऊ. डीएसएलआर म्हणून २०१६ चा निकॉन डी५६०० आणि त्यावर ७० ते ३०० मि.मी.चे भिंग. ब्रिज म्हणून २०१८ चा निकॉन पी१०००. त्याचे भिंग ४.३ ते ५३९ मि.मी.चे. ५३९ ला ४.३ ने भागा. उत्तर सुमारे १२५ येते. दुकानदाराचे '१२५ पट' ते हेच. म्हणजे हा आकडा भिंगाच्या दोन टोकांमधले गुणोत्तर सांगतो. पक्षी किती मोठा दिसेल, हे त्यावरून कळत नाही.

पिंगळा सेन्सरवर किती मोठा?

बहिर्गोल भिंगाने दूरच्या वस्तूची प्रतिमा कशी पडते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. वस्तू दूर असेल तेव्हा सूत्र अगदी सोपे होते :

प्रतिमेची उंची = वस्तूची उंची × नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

रानपिंगळा सुमारे २३ सें.मी., म्हणजे २३० मि.मी. लांबीचा असतो. तो ४० मीटरांवर, म्हणजे ४०,००० मि.मी.वर बसला आहे असे धरू. डीएसएलआरचे ३०० मि.मी.चे भिंग सेन्सरवर त्याची १.७ मि.मी. उंचीची प्रतिमा पाडते. ब्रिजचे ५३९ मि.मी.चे भिंग ३.१ मि.मी.ची पाडते.

आता सेन्सरचे आकार पाहा. डी५६०० चा सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मि.मी. आहे, टपालाच्या लहान तिकिटाएवढा. पी१००० चा सुमारे ६.२ × ४.६ मि.मी.; करंगळीच्या नखाहूनही लहान. डीएसएलआरच्या चित्रात पिंगळा उंचीच्या एकनवमांश जागेत बसतो; भोवती सगळे रान. ब्रिजच्या चित्रात तोच पिंगळा उंचीचा दोनतृतीयांश भाग व्यापतो.

जाहिरातीत ब्रिजचे भिंग '३,००० मि.मी.' म्हटलेले असते. भिंग तर ५३९ मि.मी.चेच आहे! जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मि.मी. होती. त्या चौकटीवर एवढेच अरुंद दृश्य भरायला ३,००० मि.मी.चे भिंग लागले असते, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या चित्राचा मधला तुकडा कात्रीने कापून घेतला, तर त्यातली वस्तू चौकटीत मोठी दिसते. लहान सेन्सर हीच कात्री चालवतो. कात्रीने पक्ष्याचा एकही नवा ठिपका दिसू लागत नाही. मग नवा तपशील येतो कोठून? तो येतो प्रकाशातून.

प्रकाशाची खिडकी

भिंगाच्या कड्यावर आणखी एक आकडा कोरलेला असतो. उदाहरणार्थ, पी१००० वर १ : २.८-८. याला एफ-आकडा म्हणतात. झूमच्या रुंद टोकाला तो २.८ असतो आणि लांब टोकाला ८. नाभीय अंतराला एफ-आकड्याने भागले, की भिंगाच्या ज्या खिडकीतून प्रकाश आत शिरतो तिचा व्यास मिळतो :

खिडकीचा व्यास = नाभीय अंतर ÷ एफ-आकडा

ब्रिजच्या लांब टोकाला ५३९ ÷ ८ = ६७ मि.मी. डीएसएलआरच्या त्या भिंगाचा एफ-आकडा ३०० मि.मी.ला ६.३ आहे. म्हणून ३०० ÷ ६.३ = सुमारे ४८ मि.मी. खिडकीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन्ही व्यासांचे वर्ग करून भागाकार केलात, तर उत्तर जवळजवळ २ येईल.

गंमत आहे की नाही? झाडावरच्या पिंगळ्याकडून येणारा प्रकाश छोट्या सेन्सरचा ब्रिज कॅमेरा दुप्पट गोळा करतो! "मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश" हे वाक्य येथे लागू पडत नाही. डीएसएलआरचा सेन्सर मोठा खरा. पण त्याच्या बहुतेक भागावर सागाची पाने आणि आकाश आहे. पक्ष्याच्या वाट्याला येतो तो खिडकीने दिलेला प्रकाश.

आता कॅमेरे तेच ठेवू आणि दृश्य बदलू. शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलन चालू आहे आणि पूर्ण रंगमंच चित्रात हवा आहे. दोन्ही भिंगे रुंद टोकाला न्यायची. ब्रिज : ४.३ ÷ २.८ = १.५ मि.मी. डीएसएलआरबरोबर बहुधा मिळते ते १८-५५ मि.मी.चे भिंग : १८ ÷ ३.५ = ५.१ मि.मी. वर्गांचा भागाकार सुमारे ११. येथे डीएसएलआर अकरा पट प्रकाश गोळा करतो. ब्रिजला एकदशांश सेकंद लागेल तेथे डीएसएलआरला सुमारे एकशतांश सेकंद पुरेल. एकदशांश सेकंदात नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट होतात. एकशतांश सेकंदात ते बऱ्याच अंशी जागच्या जागी दिसतात.

कॅमेरे बदलले नाहीत, खिडक्या बदलल्या; आणि निकालही उलटा झाला.

चित्रात रवाळपणा का येतो?

प्रकाश कमी पडला, की चित्र रवाळ दिसते. कारण प्रकाश कणाकणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. वळवाच्या सरीत अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवा. थेंब कोठेही, कसेही पडतात. वाटीत सरासरी १०० थेंब पडत असतील, तर प्रत्यक्षात कधी ९० पडतील, कधी ११०. हा फरक साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०० चे वर्गमूळ १०, म्हणजे दहा टक्के. परातीत १०,००० थेंब पडत असतील, तर फरक १०० चा. म्हणजे फक्त एक टक्का. जेवढा प्रकाश जास्त, तेवढी मोजणी नेमकी आणि चित्र स्वच्छ. तिन्हीसांजेला काढलेले चित्र वाळू पसरल्यासारखे दिसते, ते यामुळेच.

चित्रकणांचा मोह

"आणि मेगापिक्सेल?" असे तुम्ही विचाराल. पी१००० मध्ये १ कोटी ६० लाख चित्रकण आहेत. त्याचा सेन्सर एवढा लहान, की एकेक चित्रकण केवळ ०.००१३ मि.मी. रुंद भरतो. पण प्रकाश हा तरंग असल्यामुळे भिंगातून जाताना तो थोडासा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एफ/८ ला अगदी बिंदूएवढ्या ताऱ्याचीही प्रतिमा सुमारे ०.०११ मि.मी. व्यासाच्या चकतीएवढी होते. ही चकती आठ चित्रकणांइतकी रुंद! म्हणजे पूर्ण झूमवर प्रत्येक चित्रकण वेगळी बातमी सांगत नाही. शेजारचे आठजण मिळून एकच बातमी सांगतात.

हे सगळे धरून हिशेब केला, तर ४० मीटरांवर ब्रिजला सिद्धांताप्रमाणे सुमारे ०.४ मि.मी.चा तपशील वेगळा दाखवता येतो. डी५६०० ला ३०० मि.मी.च्या भिंगाने सुमारे १ मि.मी.चा. पिंगळ्याच्या माथ्यावरचे ठिपके दोघांनाही दिसतील. पण पक्षी १०० मीटरांवर असेल, तर हे आकडे १ आणि २.६ मि.मी. होतात. डीएसएलआरच्या चित्रात ठिपके पुसट होऊ लागतात आणि हा पिंगळा कोणता, हे ठरवणे कठीण जाते. ब्रिजला अजून थोडी सवड उरते.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात हात हलतो. दुपारी तापलेली हवा थरथरते आणि लांबचे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे लहरते. त्यावर कोणत्याच कॅमेऱ्याकडे इलाज नाही. म्हणून पक्ष्यांची चित्रे सकाळी घ्यावीत. रानपिंगळा दिवसाही हिंडतो आणि पर्णहीन झाडांच्या शेंड्यावर बसतो, हे आपले भाग्यच!

पक्षी उडाला तर?

ब्रिजचे भिंग पूर्ण लांब केल्यावर ४० मीटरांवर त्याला सुमारे ४६ सें.मी. रुंदीचे दृश्य दिसते; आपल्या पाटीहून थोडे रुंद. पिंगळा सेकंदाला १० मीटर वेगाने उडाला, असे धरू. तो सुमारे एकविसांश सेकंदात चौकटीबाहेर जाईल! डीएसएलआरच्या ३०० मि.मी.च्या भिंगाला त्याच अंतरावर तीन मीटरांहून थोडे अधिक रुंद दृश्य दिसते. पक्षी चौकटीत ठेवायला तेथे वाव मिळतो.

दुसरी गोष्ट नाभीयनाची, म्हणजे चित्र स्पष्ट जुळवण्याची. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशामागे एक लहान आरसा थोडा प्रकाश खाली पाठवतो. तेथे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते आणि भिंग पुढे सरकवायचे की मागे, किती, हे एकदम कळते. पी१००० मधील पद्धत निराळी आहे. भिंग पुढेमागे करीत चित्र कोठे सर्वांत ठसठशीत दिसते, ते शोधावे लागते. बसलेल्या पक्ष्याला हे चालते. उडत्या पक्ष्याच्या मागे ते नेहमीच पोहोचत नाही. शिवाय डीएसएलआरमध्ये डोळ्याला दिसते ते त्याच क्षणीचे असते. विजेच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते.

मग डीएसएलआरला अधिक लांब भिंग लावले तर? अवश्य लावता येते. तेच त्याचे बळ आहे. निकॉनचे २०१५ चे २००-५०० मि.मी. एफ/५.६ हे भिंग घ्या. खिडकी ५०० ÷ ५.६ = ८९ मि.मी. येथे डीएसएलआर पुन्हा पुढे गेला. पण या एका भिंगाचे वजन सुमारे २,३०० ग्रॅम आहे आणि त्यासाठी पैसे वेगळे मोजावे लागतात. ब्रिज कॅमेरा अख्खा सुमारे १,४०० ग्रॅमचा. आणि गंमत म्हणजे डी५६०० व ७०-३०० मि.मी.चे भिंग मिळून ९०० ग्रॅमच भरतात. तेव्हा ब्रिज नेहमीच हलका, हाही एक गैरसमजच.

करून पाहा

साहित्य : दोन वेगवेगळ्या जाडीची भिंगे, पांढरा कागद, काळा कागद, पट्टी.

दिवसा खोलीत उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा. भिंग कागदापुढे धरून पुढेमागे करा. बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर उमटेल. भिंग ते कागद हे अंतर मोजा. ते जवळजवळ नाभीय अंतर होय. प्रतिमेची उंचीही मोजा. दुसऱ्या भिंगाने तसेच करा. नाभीय अंतर ज्या पटीत वाढेल, त्याच पटीत प्रतिमा मोठी झालेली आढळेल.

आता काळ्या कागदाने भिंगाचा अर्धा भाग झाका. प्रतिमा अर्धी होईल असे वाटते ना? तशी ती होत नाही. झाड पूर्णच दिसते, फक्त अंधूक होते. तुम्ही खिडकी लहान केलीत!

सावधान : भिंग किंवा कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका. कागद पेटतो आणि डोळा कायमचा जातो.

तर मग कोणता घ्यावा?

प्रथम आपले काम ठरवा, मग त्या कामाच्या वेळी खिडकी कोणाची मोठी, ते पाहा.

निसर्गमंडळाला दिवसाउजेडी दूरच्या, बसलेल्या पक्ष्यांची ओळख पटवणारी चित्रे हवी असतील आणि वर्गणी एकाच वस्तूला पुरणारी असेल, तर लांब झूमचा ब्रिज कॅमेरा योग्य. भिंग बदलताना धूळ आत जाण्याची भीतीही नाही. आणखी एक मोठा फायदा पक्ष्याचा आहे. रानपिंगळा आज जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. लांबून चित्र घेता आले, तर त्याच्या ढोलीजवळ जावे लागत नाही आणि पिलांना सोडून तो पळून जात नाही.

सभागृहातले कार्यक्रम, उडते पक्षी, संध्याकाळचे रान किंवा रात्रीचे आकाश टिपायचे असेल, तर डीएसएलआर घ्यावा. आज एक भिंग, पुढच्या वर्षी दुसरे, असे त्याला वाढवता येते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. निकॉन आणि कॅनन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या, पण भिंग बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. त्यामुळे डीएसएलआर बरेचदा वापरलेला घ्यावा लागतो. तो पारखून घेतला, तर स्वस्तात चांगले यंत्र हाती पडते. मिररलेसलाही आपले खिडकीचे गणित जसेच्या तसे लागू पडते.

जेम्स डेव्हिडसनने एकशे चाळीस वर्षांपूर्वी टिपलेल्या एका पिंगळ्याची पुढे काय गत झाली, हेही ऐका. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या गृहस्थाने संग्रहालयातला तो नमुना लंपास केला आणि "१९१४, गुजरात" अशी खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. रासमुसेन यांनी नमुना तपासून ही लबाडी उघड केली; आणि म्हणूनच शोध शहाद्याच्या रानापर्यंत आला. पुरावा खरा हवा, हा त्यातला धडा. तेव्हा कॅमेरा कोणताही घ्या. चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण आणि अंदाजे अंतर वहीत लिहून ठेवायला विसरू नका.

सोडवून पाहा : पौर्णिमेच्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास म्हणजे नाभीय अंतराचा सुमारे ११० वा भाग. ३०० मि.मी.च्या आणि ५३९ मि.मी.च्या भिंगांनी तो किती येईल? पी१००० च्या सेन्सरवर अख्खा चंद्र मावेल का?

उत्तर : सुमारे २.७ मि.मी. आणि ४.९ मि.मी. सेन्सरची उंची ४.६ मि.मी. असल्यामुळे चंद्राची कड वरखाली थोडी कापली जाईल. झूम किंचित कमी करा, म्हणजे तो पूर्ण मावेल!